सॉलिसिटरची पेढी आणि वकिलाचा काळा कोट



दोन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागल्यावर एक पालक मला भेटावयास आले. हरसूलच्या बाजारपेठेत त्यांचे छोटे दुकान आहे. मुलगी हुशार, गुणही चांगले. ते म्हणाले, "सर, पोरगी वकील व्हायचं म्हणते. त्या धंद्यात पोट भरतं का? आणि खोटं बोलल्याशिवाय तो चालतो का?" दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि दोहोंचेही नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. मी इतिहासाचा शिक्षक. इतिहासात शोधून सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली. आज स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर देत आहे.

आपल्याकडे वकील म्हटले की कोर्टाच्या आवारातले टेबल, काळा कोट आणि शेजारी टंकलेखकाची खटखट एवढेच डोळ्यांपुढे येते. हे या व्यवसायाचे एक अंग झाले. दुसरे अंग मुंबईच्या फोर्ट भागात वाढले आणि ते खेड्यापाड्यांतून कधी दिसलेच नाही. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. तेथे मुंबई शहरातील मोठे दावे ज्या शाखेत चालत, तिथे विलायती पद्धत होती. पक्षकाराने जायचे ते सॉलिसिटरकडे. कागदपत्रे पाहणे, दस्तऐवज तयार करणे, पुरावा गोळा करणे हे काम त्याचे. कोर्टात उभे राहून बोलायचे ते बॅरिस्टरने, आणि त्याला काम द्यायचे ते सॉलिसिटरने. कितीही विद्वान बॅरिस्टर असला तरी सॉलिसिटरची कृपा नसेल तर त्याने वाचनालयात बसून वर्तमानपत्र वाचावे, अशी स्थिती! जिल्ह्याच्या कोर्टात मात्र दोन्ही कामे एकच वकील करी.

या दोन्ही दारांतून आत शिरणारे पहिले हिंदी लोक एकाच घरातले होते, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते. खंबायतहून मुंबईस आलेले व्यापारी तय्यब अली यांचे पुत्र कमरुद्दीन हे विलायतेत सॉलिसिटर झाले, १८५८ साली. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन तय्यबजी डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण अर्धवट टाकून परत आले होते. पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन मुंबईत उभे राहिले, मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर. घरात एक सॉलिसिटर व एक बॅरिस्टर असणे म्हणजे काय, हे वर सांगितलेली पद्धत लक्षात घेतली की समजेल. पुढे १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तीत हे दोघेही बंधू होते. बद्रुद्दीन १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले व १८९५ साली हायकोर्टाचे न्यायाधीश.

खोटेपणाच्या प्रश्नाचे माझे उत्तर इथूनच सुरू होते. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामीन आधी नाकारला गेला होता. मग न्यायमूर्ती तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकार कोणाचे, आरोपी कोण आणि न्यायाधीश कोण, हे पाहा. त्या वेळी टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर होते. तेच दावर ११ वर्षांनी, १९०८ साली, न्यायाधीशाच्या आसनावर बसले असता त्यांनी टिळकांचा जामीनअर्ज नाकारला व त्यांना ६ वर्षांची शिक्षा ठोठावली. तो १९०८ चा जामीनअर्ज मांडणारे बॅरिस्टर होते महंमद अली जीना. पुढे १९१६ साली टिळकांवर पुन्हा कारवाई झाली, तेव्हा जीनांनीच हायकोर्टात त्यांची बाजू लढवून ती जिंकली. माणसे पुढे कोणत्या राजकारणात गेली हा निराळा विषय. वकिलाने त्या दिवशी हातात घेतलेली बाजू नेकीने मांडली की नाही, एवढाच इथे आपला प्रश्न आहे.

आता पोटाचा प्रश्न. तो जास्त अवघड आहे. न्या. महंमद करीम छागला हे १९४७ ते १९५८ मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. पण १९२२ साली वकिली सुरू केल्यावर त्यांनाही पहिली काही वर्षे कामाची वाट पाहत बसावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली हायकोर्टात सनद घेतली, तेव्हा अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांच्याकडे काम देत नव्हते. त्यांना जिल्ह्याच्या कोर्टांतील खटल्यांवर भागवावे लागले. आणि गांधीजी? मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना, आणि फी परत करून घरी गेले. त्यांना जगात नेऊन सोडले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने, १८९३ साली, दक्षिण आफ्रिकेत. त्या पेढीचा आणि तिच्याच एका नातेवाइकाचा दावा होता. गांधीजींनी तो लवादाकडे नेऊन मिटवला, आणि हरलेल्यास हप्त्याने रक्कम फेडण्याची सवलत मिळवून दिली. ज्यांना वकिली म्हणजे भांडणे लावणे असे वाटते त्यांनी हा दावा जरूर वाचावा.

मोठ्या पेढ्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. क्रॉफर्ड बेली ही १८३० पासूनची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. नावे साहेबांची आणि सुरुवातीची कामेही साहेबांच्या कंपन्यांची. मग पारशी व गुजराती नावे पाटीवर आली : वाडिया घांदी १८८३, मुल्ला अँड मुल्ला १८९५, अमरचंद मंगलदास १९१७. कलकत्त्यास खेतान कंपनी १९११ साली निघाली. यांतल्या मुल्ला पेढीचे दिनशा मुल्ला हे पारशी गृहस्थ. मुस्लिम कायद्यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ शंभर वर्षांहून अधिक काळ कोर्टात उघडला जातो. आपल्या वारसाहक्काचा कायदा एका पारशी सॉलिसिटरने आपल्याहून बरा वाचला, हे मी कौतुकाने सांगतो आणि थोडेसे शरमूनही सांगतो. नंतर आसफ अली असगर फैजी यांनी १९४९ साली आपला ग्रंथ काढून ती उणीव पुष्कळ अंशी भरून काढली.

या पेढ्या दीर्घकाळ घरगुतीच राहिल्या. एका भागीदारी संस्थेत २० पेक्षा अधिक भागीदार असू नयेत असा कायदा होता, आणि वकिलाने जाहिरात करू नये हा नियम तर आजही आहे. त्यामुळे पेढी वाढायची ती मुलगा, भाऊ, जावई यांच्यावर. १९७६-७७ साली सॉलिसिटर-बॅरिस्टर हा भेदही कायद्याने संपला. सर्वजण अ‍ॅडव्होकेट झाले. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा व तीन वर्षांची उमेदवारी मात्र अजून चालू आहे, आणि त्या पदवीला मान आहे. १९९१ नंतर परदेशी भांडवल आले, करारमदारांचे काम वाढले. २००० साली ट्रायलीगल, २००४ साली ए.झेड.बी. अशा नव्या फर्म निघाल्या. २००८ च्या कायद्याने भागीदारांच्या संख्येचे बंधन सुटण्याचा मार्ग मिळाला. अमरचंद मंगलदासमध्ये आईच्या मृत्युपत्रावरून दोन भावांत वाद झाला, कोर्टापर्यंत गेला आणि २०१५ साली तडजोडीने दोन पेढ्या झाल्या, सिरिल अमरचंद मंगलदास व शार्दूल अमरचंद मंगलदास. देशातल्या नामांकित वकिलांच्या घरीही वाटणीचा तंटा होतो, तर आपली काय कथा!

आजच्या मुलाने या दोन वाटांची तुलना कशी करावी? मोठ्या फर्ममध्ये पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो, तोही चांगला. पण निवड होते ती बहुधा राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून. इंग्रजी उत्तम लागते, रात्री उशिरापर्यंत काम असते, आणि कोर्टाचे तोंड वर्षानुवर्षे न पाहता कंपन्यांचे करारच लिहावे लागतात. जिल्ह्याच्या कोर्टात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली पहिली दोन-चार वर्षे जेमतेम प्रवासखर्च सुटतो. घरातून आधार लागतो. मात्र पाच-सात वर्षे टिकून राहिल्यावर स्वतःची पक्षकार मंडळी जमतात आणि ती सुटत नाहीत. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेस तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. म्हणजे वाट पाहण्याची ती वर्षे कोणालाच चुकत नाहीत.

मुलींच्या पालकांसाठी नाशिकचेच एक नाव सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ साली परीक्षा झाली, पण स्त्रियांना पदवी देण्याची तेथे पद्धत नसल्याने ती हाती पडली १९२२ साली, तीस वर्षांनी! हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली ती १९२३ च्या कायद्याने. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी नोकरीत राहून पडद्यातल्या शेकडो विधवांचे व अनाथ मुलांचे हक्क त्यांनी सांभाळले. या बायकांपुढे परपुरुष वकील जाऊ शकत नसे. कारभारी कागद आत पाठवी, बाई सही करी, आणि कशावर सही केली हे तिला कळतही नसे.

हे वाचताना मला आमची फुफी आठवली. आजोबा वारल्यावर घराच्या व दुकानाच्या जागेचे हक्कसोडपत्र झाले. तिच्यापुढे कागद ठेवला, अंगठा घेतला. तयार करणाऱ्या वकिलाने तो वाचून दाखवला नाही आणि घरातल्या कोणीही दाखवला नाही. शरीअतने मुलीला भावाच्या निम्मा हिस्सा दिलेला आहे, हे आम्ही जुम्म्याच्या बयानात ऐकतो. तिला आपला हिस्सा गेल्याचे कळले ते जागा विकली गेली तेव्हा. ती कोणाला काही बोलली नाही. ईदला येणे मात्र बंद झाले. माझे वय तेव्हा लहान होते. पुढे मोठा होऊन, शिकून, मीही तो विषय काढला नाही.

हरसूल परिसरात वारसनोंदी, फेरफार, २००६ च्या कायद्याखालचे आदिवासी बांधवांचे वनहक्काचे दावे, अशी कामे रोज अडलेली असतात. त्यांसाठी माणूस एस.टी.ने त्र्यंबकवरून नाशिक गाठतो आणि अनेकदा पुढची तारीख घेऊन परततो. इथल्या बोलीत कागद समजावून सांगणारी एखादी वकील बाई असती, तर आमच्या फुफीसारख्या किती जणींनी अंगठा उठवण्यापूर्वी तिला विचारले असते! ज्या मुलीला मोठी फर्म हवी असेल तिने जरूर तिकडे जावे. न्या. फातिमा बीवी केरळात जिल्ह्याच्या कोर्टातूनच सुरुवात करून १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. तेव्हा लहान कोर्ट म्हणजे लहान भवितव्य, असेही नाही.

ती मुलगी आता बारावीला आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट निराळी. राष्ट्रीय विद्यापीठांची फी जड असते. नाशिकच्या विधी महाविद्यालयात शिकल्यास खर्च आवाक्यात राहतो. हे सारे मी तिच्या वडिलांना गेल्या आठवड्यात दुकानात बसून सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, गिऱ्हाइकाला साखर मोजून दिली आणि विचारले, "सर, नाशिकला पोरींच्या हॉस्टेलची चौकशी कुठे करायची?"