जुना कामगार आणि नवा कामगार

कारखान्यात काय नि कचेरीत काय, जुन्यांचे नव्यांशी पटत नाही ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. जुना म्हणतो, पोरांना कामाची आस्था नाही. नवा म्हणतो, म्हातारे जागा अडवून बसले आहेत. ह्याचे खापर बहुधा वयावर फोडण्यात येते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहता आम्हांस मात्र निराळे दिसते.

१८५४ साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा कोकणातून व घाटावरून मजूर आला. त्याची भरती जॉबरच्या हातून होई. पुष्कळदा हा जॉबर गाववालाच असे. तरी त्याला दस्तुरी द्यावी लागे. पोरगा काम शिके तो चुलत्या-मामाच्या शेजारी उभा राहून. शिकविणारा आपला, परंतु पोटाची दोरी जॉबरच्या हाती!

१९२८ साली मालकांनी विणकरास दोनांऐवजी तीन माग देण्याचा घाट घातला. सहा मागांवर तिघे होते, तेथे दोघे पुरणार, तिसरा घरी. हा तिसरा म्हातारा की तरुण, ह्यावर भांडत न बसता सारे एकत्र बाहेर पडले आणि सुमारे सहा महिने संप चालला.

१९३५ साली मालकसंघाने बदलीची नवी पद्धत आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक लोकांना बदलीकार्डे मिळत. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचे आणि कोणी गैरहजर असेल, तर त्याच्या जागी काम करायचे. जॉबरच्या मनमानीला ह्याने आळा बसावा, हा हेतू. परंतु कायमवाल्याचे आजारपण ती बदलीवाल्याची रोजी ठरली. अशा व्यवस्थेत आपुलकी टिकावी कशी?

१९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात कलम आले, की कपातीच्या वेळी सामान्यतः शेवटी लागलेला प्रथम जावा. हात मंदावलेल्या जुन्या माणसाला ह्याने मोठा आधार मिळाला. मात्र कपातीची कुऱ्हाड नव्यावर आली. म्हणूनच १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा कायमवाला आणि बदलीवाला दोघेही रस्त्यावर आले.

आज गिरणीचा भोंगा नाही. पण कायम नोकरीतला वडीलधारा आणि कंत्राटावरचा तरुण एकाच टेबलाशी बसतात, काम तेच करतात. त्यांना एकमेकांचे स्वभाव समजावून देणारी शिबिरे भरतात, भरोत बापडी. आम्ही करारास बसतो तेव्हा दोन कलमे एकाच कागदावर मागतो: जुन्याला सेवाज्येष्ठतेचे संरक्षण आणि नव्याला कायम होण्याची ठरलेली तारीख. ह्यांतले एकच कलम पदरात पडले, तर दुसरी पिढी आपल्या विरुद्ध उभी राहते आणि तो दोष तिच्या वयाचा नसतो.