अर्नाळकर, बाबूराव
(९ जून १९०६ – ५ जुलै १९९६). मराठी रहस्यकथाकार. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या टोपणनावातले अर्नाळा हे वसई तालुक्यातले, जलदुर्गासाठी ओळखले जाणारे समुद्रकाठचे गाव.

गिनीज बुकातील नोंदीनुसार १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्या. सरासरी काढली तर महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके. हा वेग लक्षात न घेता त्यांच्या लेखनाचे मोल ठरवता येत नाही. घटना झपाट्याने पुढे सरकते, वाक्ये आखूड असतात आणि संवाद भरपूर; वर्णनासाठी लेखक फारसा थांबत नाही. पुस्तके लहान आकाराची. वाचनालयातून सकाळी आणलेले पुस्तक संध्याकाळी परत करून दुसरे न्यावे, असा त्यांचा वाचक होता.

अर्नाळकरांच्या आधी गो. ना. दातारशास्त्री यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या आधारे मराठी वाचकाला अद्भुताची आणि कारस्थानांची गोडी लावली होती. अर्नाळकरांनी ती गोडी गुप्तहेराकडे वळवली. धनंजय आणि छोटू ही त्यांची जोडी अभिजात गुप्तहेरकथेच्या घराण्यातली आहे. होम्सला वॉटसन लागतो, तसा धनंजयला छोटू. हुशार गुप्तहेराच्या डोक्यात काय चालले आहे ते शेवटपर्यंत झाकून ठेवायचे, तर गोष्ट पाहायला आणि प्रश्न विचारायला वाचकाच्या पातळीवरचा कुणीतरी जवळ हवा. कॉनन डॉयलची ही युक्ती अर्नाळकरांनी अचूक ओळखली होती.

१९२० नंतर इंग्लंडमध्ये गुप्तहेरकथेला कडक शिस्त आली. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये तिचे दहा नियम सांगितले. गुन्हेगाराचा माग लावणारा प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे, हा त्यांतला एक. अर्नाळकर या कसोटीला नेहमी उतरत नाहीत. कोडे सोडवण्यापेक्षा पाठलाग, वेषांतर आणि ऐन वेळची सुटका यांतच त्यांची लेखणी जास्त रमते. म्हणूनच असेल, लोकप्रियतेत धनंजयपेक्षा झुंजार आणि काळापहाड पुढे गेले. दोघेही कायद्याच्या कुंपणाबाहेरचे नायक. धनदांडग्या गुन्हेगारांना लुबाडणारा, पोलिसांना चकवणारा आणि पत्नी विजयाला बरोबर घेऊन साहसात उतरणारा झुंजार लेस्ली चार्टरिसच्या ‘सेंट’ या नायकाची आठवण करून देतो. बोलण्याचालण्यात मात्र तो पक्का मराठी आहे.

प्रतिष्ठित समीक्षेने या साहित्याला बराच काळ दाराबाहेरच ठेवले. पण मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना पुस्तक हातावेगळे करण्याची सवय लागली ती बहुतांशी याच पुस्तकांमुळे. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी रहस्यकथेचा हा वाचक आपल्याकडे खेचला. त्यांचे नायक अधिक आधुनिक आणि भाषा अधिक चटपटीत होती.