पत्रा, धूळ आणि आपली नोंद



३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन. दोन-तीन तासांत माड-सुपाऱ्या आडव्या झाल्या. आमच्या बौद्धवाडीतले सिमेंटचे पत्रे सुपासारखे उडाले आणि पापडासारखे फुटले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोरं तुकडे गोळा करीत होतो. मोठा तुकडा उचलेना तर हातोड्यानं फोडायचा. आयाबाया कोरड्या झाडूनं अंगण झाडत होत्या. करडी धूळ उडत होती. तोंडाला रुमाल होता, तो करोनाच्या भीतीनं. पंचनामा झाला. किती पत्रे फुटले ते कागदावर आलं. कोणाच्या छातीत किती धूळ गेली, त्याला रकाना नव्हता.

त्या धुळीचं नाव अ‍ॅस्बेस्टॉस. हा दगडच, पण तंतूंचा. मी गिरणीत कामाला आहे, म्हणून मला हे चटकन कळलं. हा दगड कापसासारखा पिंजता येतो, कातता येतो, विणता येतो. जळत नाही, कुजत नाही, स्वस्त पडतो. म्हणून तो बॉयलरभोवती गुंडाळला, गाडीच्या ब्रेकमध्ये घातला आणि सिमेंटमध्ये कालवून गरिबाच्या डोक्यावर ठेवला. कापसाचं तूस निदान डोळ्याला दिसतं. याचा बारीक तंतू दिसत नाही. श्वासाबरोबर खोल जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम करतो. कोणाचं फुप्फुस निबर होतं, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. कोणाला फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आणि कोणाला मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवती जो पातळ पडदा असतो, त्याचा कॅन्सर. पोटाच्या पडद्यालाही होतो. छातीत पाणी भरतं, दम लागतो, दुखतं. कळल्यावर बहुतेकांच्या हातात वर्ष-दीड वर्ष उरतं. आणि धूळ आत गेल्यापासून रोग उठेपर्यंत वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. गुन्हा आजचा, प्रेत चाळीस वर्षांनंतरचं. कोण कोणाला धरणार?

आता याचा इतिहास बघा.

इंग्लंडात रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्स यांच्या कारखान्यात नेली केरशॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉस कातत होती. १९२४ साली ती वारली. वय ३३. कंपनीनं भरपाई नाकारली. पण कुक नावाच्या डॉक्टरनं तिची फुप्फुसं तपासली आणि आत काय सापडलं ते छापून टाकलं. १९३१ साली इंग्लंडात या धुळीवर नियम झाले. त्याच टर्नरची तोवर टर्नर अँड न्यूअल ही बडी कंपनी झाली होती आणि १९५० च्या दशकात तिचा हात आपल्या घाटकोपरपर्यंत आला. हिंदुस्थान फेरोडो. म्हणजे आधी रोग ठाऊक झाला, मग कारखाना इथं आला. हा क्रम ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. किंबर्लीच्या क्षय रुग्णालयात काही रोगी असे येत, की क्षयाच्या औषधानं त्यांना काडीचा गुण येत नसे. स्लेग्ज या डॉक्टरला शंका आली. हे सगळे एकाच बाजूचे कसे? वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड या तिघांनी १९६० साली ३३ रोग्यांची हकीकत छापली. रोग मेसोथेलिओमा. जवळजवळ सगळ्यांचा धागा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींकडे जात होता. त्यात असेही होते, की ज्यांनी खाणीत पाऊल टाकलं नव्हतं. ते फक्त लहानपणी खाणीच्या आसपास राहिले होते. पुढे १९६५ साली लंडनमध्ये अशा बायका सापडल्या, की ज्यांनी घरच्या कामगाराचे कपडे तेवढे धुतले होते.

या डॉक्टरांनी काय मोठी जादू केली? त्यांनी माणसाला विचारलं. कुठं जन्मलास, कुठं राहिलास, काय काम केलंस?

आपल्याकडे हेच कोणी विचारत नाही. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीचे कामगार तपासले आणि २००५ साली ते छापलं. तपासलेल्यांत पाचात एकाहून जास्त माणसांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. असल्या रोग्याला डॉक्टर क्षय किंवा जुना खोकला म्हणून मोकळे होतात, हेही त्यांनी लिहिलं. किंबर्लीत जे चाललं होतं तेच इथं. कागदावर क्षय लिहिला की मालक सुटला.

कायदा नाही असं नाही. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवा. पण ज्याचं नाव मस्टरवरच नाही त्याची नोंद कोण ठेवणार? मुकादमाच्या हाताखालचा, कंत्राटी, रोजावर पत्रे कापणारा, भंगार फोडणारा? साठांहून जास्त देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसला बंदी घातली. आपल्याकडे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस बाहेरून येतोच आहे आणि पत्र्यात जातोच आहे.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी अस्पृश्याला विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ. त्याला दुसऱ्या खात्यात ढकलायचं. मालकही गप्प आणि सोबतचा कामगारही गप्प. धुळीला जात नसते हो. पण धुळीत कोणाला उभं करायचं हे जो ठरवतो, त्याला असते.

१९२७ साली याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी दिसत होतं, अडवणारेही दिसत होते. हवेचं तसं नाही. तिथं अडवणारा दिसत नाही, कारण तो चाळीस वर्षं मागं उभा असतो. त्याला धरायचं तर मागचं लिहिलेलं पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एक वही घ्या. वाडीतल्या, चाळीतल्या म्हाताऱ्यांकडे बसा. कुठल्या कारखान्यात होता, कुठलं खातं, कुठलं साल, धूळ कसली, घरी कपडे कोण धूत होतं, सगळं लिहून घ्या. दम लागणाऱ्याला दवाखान्यात नेताना ती वही सोबत न्या आणि डॉक्टरपुढे ठेवा. डोक्यावरचा पत्रा शाबूत असेल तर घाबरून उठू नका. पण तो कापू नका, घासू नका, फोडू नका. फुटलाच तर आधी पाणी मारा, ओला असतानाच तुकडे उचला, कोरडा झाडू लावू नका. साधा रुमाल हा तंतू अडवत नाही.

माझ्या वहीत पहिली नोंद माझीच आहे. जून २०२०. सिमेंटचे पत्रे हातोड्यानं फोडले. धूळ करडी. रुमाल कोरडा. सोबत आई झाडत होती.

२०५० साली कोणी डॉक्टर विचारील, तेव्हा कागद तयार असेल.

जयभीम.