मालाचा बंदोबस्त

‘बंदोबस्त’ हा शब्द पेशवाईच्या दफ्तरांतून आपल्या नित्याच्या बोलण्यात इतका मुरला आहे की, मूळ फारसीत त्याचा अर्थ बांधणे-आवळणे असा होतो, याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. परंतु भरल्या गाडीवर नाडा आवळणारा माणूस पाहिला, म्हणजे तो अर्थ मूर्तिमंत होऊन पुढे उभा राहतो. अमेरिकेतील पिकअप गाडीच्या हौद्याचा इतिहास मला याच शब्दाच्या आधाराने सांगावासा वाटतो.

१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डच्या कारखान्याने मॉडेल टी गाडीला मागे पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विक्रीस काढली. तत्पूर्वी तेथील शेतकरी मोटारीच्या मागे लाकडी पेटी आपल्याच खटपटीने बसवून घेत असत. या हौद्याला उघडता येणारा फाळका होता, मागे भक्कम पाटे होते आणि कडेला खुंट रोवण्याजोग्या चार खोबण्या होत्या. खोबण्यांची ही तजवीज मुळात फळ्या उभारून हौदा उंच करण्यासाठी, म्हणजे आपण कडब्यासाठी बैलगाडीच्या साट्याला खुंट लावतो तशीच. पण दोराला धरायला जागा हवी असल्यामुळे गरजवंताने तीतूनच दोर ओवला, आणि खुंटाचे घर हेच बांधणीचेही ठिकाण झाले.

पुढे १९५५ साली शेव्हरोलेची कॅमिओ आणि १९५७ साली फोर्डची स्टाइलसाइड, अशा सपाट, देखण्या बाजूंच्या गाड्या आल्या. सौंदर्य वाढले, बांधणीची अडचण मात्र तशीच राहिली. हौद्याचा काठ मालाहून उंच असला, तर काठाला बांधलेला दोर माल खाली दाबण्याऐवजी त्याला वर उचलू पाहतो, हे एखादी बुटकी, जड पेटी नेणाऱ्यास पहिल्याच वळणावर उमगते. म्हणून मालकांनी तळालाच छिद्रे पाडून कड्या बसविल्या. या कामी कडीच्या जाडीवर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे, कारण खरा ताण हौद्याच्या पातळ पत्र्यावर येतो. खालून रुंद पोलादी पट्टी देऊन बोल्ट आवळला नाही, तर जोराच्या हिसक्यासरशी पत्रा फाटून कडी बोल्टासकट उपटून येते. खालची ती पट्टी कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तरी कारागिराची पारख मी तिच्यावरूनच करीन.

व्यापारी मालवाहतुकीसाठी तेथील सरकारने कायदाच केला आहे: सर्व बांधणींची मिळून क्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी, आणि मोठ्या मालमोटारीच्या चालकाने निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी पुन्हा तपासावी. हे दुसरे कलम वाचताना मला कडब्याची गाडी आठवते. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत हादरे खाऊन पेंढ्या दबत, नाडा ढिला पडे. मग गाडीवान बैल थांबवी, चाकाच्या तुंब्यावर पाय देऊन वर चढे आणि नाड्याला नव्याने पीळ भरूनच गाडी पाण्यात घाली.