आकाशगंगेच्या पुरवण्या : एका खरेदीची कुळकथा

अंतराळातल्या साम्राज्यांचा स्ट्रॅटेजी गेम विकत घ्यायचा म्हटला, की आज ती एका वस्तूची खरेदी राहत नाही. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘स्टेलारिस’ 9 मे 2016 रोजी बाजारात आला तेव्हा तो नुसता एक गेम होता. आता त्याच्या मागे ‘युटोपिया’, ‘अपोकॅलिप्स’, ‘मेगाकॉर्प’, ‘फेडरेशन्स’, ‘नेमेसिस’, ‘ओव्हरलॉर्ड’ अशा एक्स्पान्शनांची रांग लागली आहे, आणि पूर्ण किमतीला सगळी घ्यायची तर मूळ गेमच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. नवा खेळाडू इथेच अडतो. त्याला मिळणारा सल्ला बहुधा यादीच्या रूपात असतो: हे घ्या, ते सोडा. अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात, कारण रांग वाढत राहते आणि मूळ गेमही बदलत राहतो. टिकतो तो निकष, आणि तो हवा असेल तर या पुरवण्यांचं कूळ पाहावं लागतं. त्यातल्या बऱ्याच पिढ्या ब्रिटनमध्ये वाढल्या. त्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते: पुरवणीने खेळात किती भर घातली, यापेक्षा खेळाडूचा कोणता जुना निर्णय तिने नव्याने अवघड केला, यावर तिची किंमत ठरते.

भर घालणं किती स्वस्त असतं, हे केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 1984 सालीच दाखवून दिलं होतं. इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन यांचा ‘एलिट’ त्या वर्षीच्या सप्टेंबरात एकॉर्नसॉफ्टने बीबीसी मायक्रो या संगणकासाठी काढला. त्या यंत्राची स्मृती अवघी 32 किलोबाइट, आणि खेळात मात्र आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रहमाला, म्हणजे एकूण 2048. यातली एकही ग्रहमाला कुठे साठवलेली नव्हती. एका बीजसंख्येवर ठरावीक आकडेमोड करून ग्रहाचं नाव, तिथली राज्यपद्धती, बाजारातले भाव हे सगळं गरज पडेल तेव्हा काढलं जाई. याच युक्तीने आठांच्या जागी कोट्यवधी आकाशगंगा सहज देता आल्या असत्या, आणि दोघांच्या मनात तसं होतंही. प्रकाशकांनी त्यांना आवरलं, कारण इतक्या आकाशगंगा पाहिल्यावर सगळ्या एकाच साच्यातून निघाल्या आहेत हे खेळणाऱ्याच्या लक्षात आलं असतं. ‘एलिट’ हा व्यापाराचा आणि लढाईचा खेळ होता, साम्राज्यांचा नव्हता, पण त्याने दिलेला धडा दोन्हींना लागू पडतो. ग्रहांची संख्या विकून फार काळ भागत नाही.

मग विकायचं काय, याचं उत्तर संगणकाच्या आधी टेबलावरच्या खेळांनी शोधलं होतं. अमेरिकेत 1977 मध्ये निघालेल्या ‘कॉस्मिक एन्काउंटर’मध्ये प्रत्येक खेळाडू एका परग्रही जमातीचा, आणि प्रत्येक जमातीला खेळाचा एखादा नियम मोडायची मुभा. त्याच्या पुरवण्यांमध्ये प्रामुख्याने नव्या जमाती असत, म्हणजेच नियम मोडायच्या नव्या तऱ्हा. ब्रिटनमध्ये ही वाट रुंद केली ती नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने. ‘वॉरहॅमर 40,000’ हे त्यांचं अंतराळयुद्धाचं विश्व 1987 मध्ये उभं राहिलं. त्याच विश्वातला ‘स्पेस हल्क’ 1989 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला ‘डेथविंग’ आणि ‘जीनस्टीलर’ अशा दोन पुरवण्या जोडल्या गेल्या. ‘डेथविंग’ने नवी शस्त्रं आणि नव्या मोहिमा दिल्या. ‘जीनस्टीलर’ने मनःशक्तीचे हल्ले आणले, आणि एरवी फक्त नख्यांनी झडप घालणाऱ्या शत्रूच्या बाजूला शस्त्रधारी संकरित सैनिक उभे केले. पहिलीत जुन्या खेळाला नवी ठिकाणं मिळाली. दुसरीने जुन्या ठिकाणीही खेळाडूला वेगळा विचार करायला लावला. आज दुकानात समोर येणारा भेद हाच आहे.

संगणकावर पुरवणी विकायची तर आधी एक तांत्रिक अट पुरी व्हावी लागते: खेळ चालवणारा प्रोग्रॅम आणि खेळाची सामग्री वेगवेगळी हवी. ज्युलियन गोलॉप यांच्या 1988 च्या ‘लेझर स्क्वाड’मध्ये ती पुरी झालेली दिसते. कॅसेटवरून आधी मुख्य प्रोग्रॅम चढवायचा, मग खेळायची ती मोहीम त्यामागून चढवायची. मोहीम अशी सुटी झाल्यावर ती दुसऱ्या कॅसेटवरून का येऊ नये? तशी ती आलीही. नव्या मोहिमांचे जादा संच या खेळासाठी निघाले. पाठोपाठ फ्लॉपीच्या जमान्यात ‘डेटा डिस्क’ हा प्रकारच रूढ झाला. गिल्फर्डच्या बुलफ्रॉगने 1989 मध्ये ‘पॉप्युलस’ काढला आणि त्याच वर्षी ‘द प्रॉमिस्ड लँड्स’ ही पाच नव्या भूप्रदेशांची डिस्क आणली. मूळ खेळ नसेल तर ती निरुपयोगी. शेफील्डच्या ग्रेमलिन ग्राफिक्सने 1991 मध्ये ‘युटोपिया’ हा परग्रहावर वसाहत उभारण्याचा खेळ प्रकाशित केला आणि त्यामागून ‘द न्यू वर्ल्ड्स’ ही नव्या ग्रहभूमी देणारी डिस्क. या डिस्कांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी जागा बदलल्या, नियमांना हात लावला नाही. ‘पॉप्युलस’च्या डिस्कवर फ्रेंच राज्यक्रांतीपासून ठोकळ्यांच्या जगापर्यंत नाना देखावे होते, पण जमीन सपाट करायची, वस्ती वाढवायची आणि शत्रूला बुडवायचं हा खेळ होता तसाच राहिला. घराघरांत जाऊन पोचलेली डिस्क प्रकाशकाला परत बोलावता येत नव्हती, त्यामुळे प्रोग्रॅमला धक्का न लावता शेजारी सामग्री ठेवणं हाच सोयीचा मार्ग होता. शिवाय अशा सामग्रीचा उत्पादनखर्च किती थोडा असू शकतो, तेही तेव्हाच दिसलं. ‘पॉप्युलस’चा ‘द फायनल फ्रंटियर’ हा आणखी एक प्रदेश ‘द वन’ या ब्रिटिश मासिकाच्या अंकासोबतच्या डिस्कवरून वाचकांच्या हाती गेला.

इंटरनेटवरून गेम घरी पोचू लागले आणि विकलेला खेळ परत बोलावता न येण्याची अडचण संपली. जुनी पुरवणी म्हणजे बांधून झालेल्या घरावर चढवलेली माडी होती. आता घरात माणसं राहत असतानाच पाया बदलला जातो. ‘स्टेलारिस’मध्ये सुरुवातीला ताऱ्यांमधला प्रवास तीन वेगवेगळ्या रीतींनी करता येई. फेब्रुवारी 2018 मध्ये ‘अपोकॅलिप्स’ विक्रीला आलं त्याच दिवशी 2.0 ही फुकट सुधारणाही आली, आणि तिने सगळ्यांची सुरुवात ठरलेल्या तारामार्गांवर आणून ठेवली. एक्स्पान्शन न घेतलेल्यांचाही खेळ त्या दिवशी बदलला: सीमेवरच्या एखाद्या अरुंद नाक्याला आधी नव्हतं ते महत्त्व आलं. ग्रह फोडणारी महाकाय जहाजं तेवढी पैसे भरणाऱ्यांना मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘मेगाकॉर्प’सोबत आलेल्या फुकट सुधारणेने ग्रहांची अर्थव्यवस्थाही नव्याने मांडली. म्हणजे खेळातले मोठे फेरफार फुकट वाटले जातात आणि त्यांचा खर्च विकाऊ भागातून निघतो. विकत घेणारा वस्तू घेतो, तशीच चालू कामाची वर्गणीही भरत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पूर्ण गेम आधीच तयार असतो, कंपन्या त्याचे तुकडे करून विकतात. या संशयाला आधार नाही असं म्हणता येत नाही. ससेक्समधल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने ऑगस्ट 2023 मध्ये ‘टोटल वॉर: वॉरहॅमर 3’साठी ‘शॅडोज ऑफ चेंज’ काढलं. किंमत चढी आणि माल थोडा, अशी ओरड इतकी झाली की कंपनीला माफी मागावी लागली आणि पुढच्या वर्षी त्याच संचात जादा सामग्री घालून द्यावी लागली. तरीही तुकडे केल्याचा आरोप सरसकट लावला तर इतिहासाशी जुळत नाही. केंब्रिजच्याच फ्रंटियरने, म्हणजे ब्रेबेन यांच्या कंपनीने, ‘एलिट डेंजरस’ डिसेंबर 2014 मध्ये आणला. वर्षभराने आलेल्या ‘होरायझन्स’ या पुरवणीमुळे वातावरण नसलेल्या ग्रहांवर उतरता येऊ लागलं. ऑक्टोबर 2020 मध्ये हेच ‘होरायझन्स’ मूळ गेम असलेल्या सगळ्यांना फुकट मिळालं. सरेमधल्या एप्समच्या स्लिदरिन समूहातल्या मॅट्रिक्स गेम्सने प्रकाशित केलेल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ या अंतराळ-साम्राज्याच्या गेमला 2010 पासून तीन पुरवण्या निघाल्या, आणि 2014 मध्ये त्या सगळ्या ‘युनिव्हर्स’ या एकाच आवृत्तीत गोळा केल्या गेल्या. सुटे भाग कालांतराने मूळ वस्तूत विरघळतात, हेही या कुळाचं लक्षण आहे. त्यामुळे घाईने घेणारा जास्त पैसे मोजतो, आणि थांबणाऱ्याचं सहसा बिघडत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: सवलतीत सगळा गठ्ठा घ्यावा, नाहीतर महिन्याची वर्गणी भरावी, निवडत बसायचं कशाला? पैशांचा हिशेब यात बरोबर येतो, शिकण्याचा चुकतो. या पुरवण्या आठ-दहा वर्षं खेळत आलेल्यांसाठी एकेक करून रचल्या गेल्या. नवख्यावर सगळ्या एकदम आदळल्या तर मूळ निर्णयच त्याच्या नजरेत भरत नाहीत, मग त्यातला कोणता बदलला हे त्याने ओळखायचं कसं? चूक झाल्यावर परतीचा रस्ताही अरुंद आहे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डिजिटल माल वर्णनाप्रमाणे आणि समाधानकारक दर्जाचा असायला हवा. पण नीट चालणारी आणि तरीही कंटाळवाणी वाटणारी पुरवणी त्या कायद्यात सापडत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानाकडून पैसे परत हवे असतील तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत मागावे लागतात, आणि पुरवणी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. ‘स्टेलारिस’मध्ये दोन तासांत शेजारच्या साम्राज्याशी धड ओळखही होत नाही.

या सगळ्याचा उपयोग प्रत्यक्ष खरेदीत असा होतो. आधी नुसता मूळ गेम घेऊन एक डाव शेवटपर्यंत न्यावा आणि कुठे विचार थांबला, कुठे हात यंत्रासारखे चालू लागले, ते पाहावं. ‘स्टेलारिस’मध्ये बहुतेकांचा विचार मधल्या टप्प्यावर थांबतो: प्रदेश पसरत न्यायचा, एवढंच उरतं. एप्रिल 2017 च्या ‘युटोपिया’ने नेमकं तिथे बोट ठेवलं. सूर्याची सगळी ऊर्जा अडवणारा डायसन गोल, ताऱ्याभोवतीचं कडं अशी प्रचंड बांधकामं देऊन त्याने बाहेर पसरण्यासमोर आत वाढण्याचा पर्याय उभा केला. मूळच्या बर्कशरमधल्या फ्रीमन डायसन यांनी ही कल्पना 1960 मध्ये मांडली ती ऑलाफ स्टेपलडन या इंग्रज लेखकाच्या 1937 च्या कादंबरीवरून, म्हणजे तिचं मूळही ब्रिटिशच. ‘युटोपिया’च्या उलट, ऑगस्ट 2016 चं ‘प्लँटॉइड्स’ आलं तेव्हा त्यात वनस्पतिरूप जमातींची चित्रं आणि जहाजं एवढंच होतं. खेळावर परिणाम करणारे गुण त्यात 2021 मध्ये भरले गेले. ज्याला देखाव्याची हौस आहे त्याने ते पहिल्या दिवशी घेतलं तरी चूक नाही. हौसेलाही किंमत असते. मित्रांबरोबर खेळणाऱ्याने आणखी एक चौकशी करावी, कारण ‘स्टेलारिस’मध्ये डाव मांडणाऱ्याकडची बहुतेक एक्स्पान्शनं त्या डावापुरती सगळ्यांना वापरता येतात, आणि चौघांत एकाने घेतलेलं पुरतं. बाकी रांगेतल्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा: माझ्या गेल्या डावातला कोणता निर्णय याच्यामुळे मला वेगळा घ्यावा लागला असता? दुकानातलं वर्णन वाचून ज्याचं उत्तर सुचत नाही, ते एक्स्पान्शन निदान पुढच्या सवलतीपर्यंत तिथेच राहू द्यावं.