इंग्रजीतील स्थलवाचक अव्यये

एखादी वस्तू कोठे आहे किंवा कोणत्या दिशेला चालली आहे हे दाखवणारी इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये व क्रियाविशेषणे. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला मागून चिकटते. इंग्रजीत ते नामाच्या आधी सुटे येते.

‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ ही यांतली मुख्य तीन. जागा बिंदू मानली तर ‘ॲट’, पृष्ठभाग वा रेषा मानली तर ‘ऑन’, चहूबाजूंनी वेढलेली मानली तर ‘इन’. निवड ठरते ती बोलणारा जागेकडे कसे पाहतो यावरून. म्हणून मराठी प्रत्ययाचे शब्दशः भाषांतर येथे दगा देते. झाडावरचा पक्षी ‘इन द ट्री’ असतो, कारण तो फांद्यापानांच्या आत आहे. झाडाचे फळ मात्र ‘ऑन द ट्री’. बसमधला प्रवासी ‘ऑन द बस’, मोटारीतला ‘इन द कार’. रस्त्यासाठी ब्रिटिश बोलीत बहुधा ‘इन द स्ट्रीट’, तर अमेरिकी बोलीत ‘ऑन द स्ट्रीट’. काही ठिकाणी मात्र मराठी कान नेमका उपयोगी पडतो: खोलीच्या कोपऱ्यात ‘इन द कॉर्नर’, रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘ऑन’ किंवा ‘ॲट द कॉर्नर’. चेंडू झेलण्यासाठी एखाद्याकडे टाकला तर ‘टू’, त्याला लागावा म्हणून फेकला तर ‘ॲट’.

‘खाली बस’ यात ‘खाली’ क्रियाविशेषण, ‘झाडाखाली’ यात शब्दयोगी. ‘इन’, ‘अप’, ‘डाउन’ यांचेही तसेच. ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ ही पारंपरिक व्याकरणात क्रियाविशेषणे होत. त्यांच्याआधी ‘टू’ लावून ‘गो टू अब्रॉड’ म्हणणे चूक. ‘होम’चेही तेच: ‘घरी जा’ म्हणजे नुसते ‘गो होम’. हडलस्टन व पुलम यांच्या 2002च्या केंब्रिज व्याकरणाने मात्र अशा शब्दांना पुढे नाम नसलेली शब्दयोगी अव्ययेच मानले. विचारांना चालना देणारी ही मांडणी असली, तरी शालेय पुस्तकांत जुनीच विभागणी रूढ आहे.

‘अराइव्ह’ या क्रियापदापुढे ठिकाण सांगताना ‘टू’ येत नाही. शहर वा देश असेल तर ‘इन’, स्टेशन वा इमारत असेल तर ‘ॲट’. ‘एंटर’ला खोलीत शिरताना कोणतेच अव्यय लागत नाही.

क्रमही वेगळा. मराठीत मोठी जागा आधी: पुण्यात, सदाशिव पेठेत, एका वाड्यात. इंग्रजीत वाडा आधी आणि पुणे शेवटी. तसेच आपण ‘काल स्टेशनवर’ म्हणतो, इंग्रजीत सहसा स्थळ आधी आणि काळ नंतर.

या अव्ययांच्या सुट्या याद्या पाठ करून फारसे साधत नाही. ती ज्या नामाबरोबर किंवा क्रियापदाबरोबर येतात त्यांच्यासकट, पूर्ण वाक्यांतून शिकवावीत.