गोव्याची पूड आणि खाजेचा इतिहास

खाज हे दुखणे जितके पुरातन, तितकेच उपेक्षित. जुन्या करारातील ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवीत होता, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. चरकसंहितेने कंडूवर, म्हणजे खाजेवर, दहा औषधी एकत्र सांगितल्या. त्यांत चंदन, कडुनिंब आणि मोहरी आहेत. ‘सोरायसिस’ या नावातील ग्रीक शब्दाचा अर्थही खाज असाच आहे.

या इतिहासात आपल्या शेजारच्या गोव्याचे नाव एका पुडीमुळे अजरामर झाले. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नायट्यावर नामी औषध मानली जाई. वस्तुतः ती गोव्याची नव्हेच! ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साठते. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ती गोव्यात पोहोचली आणि तेथलीच होऊन गेली. १८७५ साली बाहिया येथील डॉ. दा सिल्वा लिमा यांनी तिचे मूळ उघड केले. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. बाल्मानो स्क्वायर यांनी तिचा गुण सोरायसिसवरही येतो, हे दाखविले. महायुद्धकाळात, १९१६ साली, जर्मनीत तिच्या जागी कृत्रिम डिथ्रॅनॉल आले. सोरायसिसवर त्याचा उपयोग आजही होतो.

औषध एकच लागू पडले, तरी रोग एक नव्हेत. नायटा बुरशीमुळे होतो व संसर्गाने पसरतो. सोरायसिस कोणालाही लागत नाही. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच भरकटून त्वचेला दाह करते. इसबातही असाच दाह असतो. त्यातून निघणारी रासायनिक द्रव्ये मज्जातंतूंना चेतवितात. २००४ साली शोध लागलेले ‘इंटरल्यूकिन-३१’ हे त्यांपैकीच एक. म्हणूनच पित्तावरच्या नेहमीच्या गोळीने ही खाज बहुधा शमत नाही. आणि खाजविल्याने त्वचा दुखावून दाह अधिकच वाढतो.

हा इतिहास जाणूनही आपल्या औरंगपुऱ्यात काय किंवा एखाद्या खेड्यात काय, अशा रुग्णाचा टॉवेल वेगळा आणि पंगतीतले पान दूर मांडले जात असेल, तर तो दोष रोगाचा नव्हे, आपल्या अज्ञानाचा आहे. मनाने स्टिरॉइडची मलमे चोळीत राहिल्यास त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला वेळीच घ्यावा. औषधाचे काम वैद्य करील. रुग्णाला आपल्या शेजारी बसवून घेणे, हे मात्र आपले काम आहे.